बोट, बिंदु आणि बीजसंस्कार

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रांत देवीच्या दर्शनास लोटणारा समुदाय सर्वश्रुत आहे. अशाच एका नवरात्रांत, नाक्यापासून हाकेच्या अंतरावरील एका खोलींत, कांहीं तरुण मंडळींनीं जुन्या ठाण्याच्या छायाचित्रांचें एक लहानसें प्रदर्शन मांडलें होतें. खोलींत दोन मोठे पडदे शेजारीं शेजारीं लावलेले. दोन्ही बोटाच्या स्पर्शानें चालणारे. आणि त्या दोहोंस चालविणारा संगणक मात्र पत्त्यांच्या जोडाएवढा. डाव्या पडद्यावर शहराचा नकाशा, उजव्यावर चित्रें. ज्या चित्रावर बोट ठेवावें तें मोठें होऊन त्याची हकीकत खालीं उमटावी, अशी योजना होती.

दर्शन आटोपून एक वृद्ध गृहस्थ आंत आले. बोलण्यावरून ते सेवानिवृत्त शिक्षक असावेत असें वाटलें. उजव्या पडद्यावर ठाणें स्टेशनाचें एक जुनें चित्र होतें, त्यावर त्यांनीं बोट ठेवलें. चित्र जागचें हललें नाहीं; उलट डाव्या पडद्यावरील नकाशाच भलतीकडे सरकला. त्यांनीं पुन्हां बोट ठेवलें, पुन्हां तोच प्रकार. तेथील एक मुलगा आदरानेंच म्हणाला, "आजोबा, बोट जरा नीट टेकवा." वृद्ध गृहस्थ ओशाळले. "वय झालें, बाबा, हात कांपतो आतां," असें म्हणून त्यांनीं तो हात कोटाच्या खिशांत घातला आणि ते बाजूस झाले.

मीं पुढें होऊन त्याच चित्रावर बोट ठेवलें. माझा हात अद्याप कांपत नाहीं. तरी नकाशाच सरकला. म्हणजे दोष हाताचा नव्हता. परंतु सांगावयाचें तें एवढ्यानें संपत नाहीं. यंत्र आणि मनुष्य यांचा मेळ बसेना म्हणजे आपण आधीं मनुष्यास दोष देतों आणि मनुष्यही तो निमूटपणें पत्करतो, ही खोड फार जुनी आहे. आणि तिच्यावरील उपायही तितकाच जुना आहे. त्या उपायाचा थोडा इतिहास येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम त्या दिवशीं काय बिघडलें होतें तें पाहूं. प्रत्येक पडदा १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच होता. दोन पडदे शेजारीं लावले म्हणजे संगणकाच्या दृष्टीनें ३८४० ठिपक्यांचा एकच लांब फलक तयार होतो. उलट पडद्यावरील स्पर्श ओळखणाऱ्या यंत्रास आपल्या शेजारीं दुसरा पडदा आहे याची गंधवार्ताही नसते. तें एवढेंच सांगतें कीं, बोट माझ्या रुंदीच्या अमुक हिश्श्यावर टेकलें. डावी कड म्हणजे शून्य, उजवी कड म्हणजे एक. कोणी वेगळें सांगितलें नसेल तर संगणक हा हिस्सा त्या एका पडद्याचा न मानतां सबंध फलकाचा मानतो. त्या गृहस्थांनीं उजव्या पडद्याच्या पाव रुंदीवर बोट ठेवलें होतें. ३८४० चा पाव हिस्सा ९६०. आणि ९६० वा ठिपका म्हणजे डाव्या पडद्याचा बरोबर मध्य! वास्तविक तो स्पर्श १९२० अधिक ४८०, म्हणजे २४०० व्या ठिपक्यावर पडावयास हवा होता.

मग हा दोष त्या तरुणांच्या ध्यानीं आधीं कसा आला नाहीं? याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. उजव्या पडद्यावर ही चूक सर्वत्र सारखी नसते. डाव्या कडेस ती पुऱ्या १९२० ठिपक्यांची असते. उजवीकडे सरकावें तशी कमी होत जाते, आणि अगदीं उजव्या कडेस शून्य होते. डाव्या पडद्यावर याच्या उलट, डावी कड निर्दोष. त्या मंडळींनीं प्रदर्शनापूर्वीं परीक्षा केली ती 'पुढें' आणि 'मागें' या दोन बाणांवर बोट ठेवून. 'पुढें'चा बाण उजव्या पडद्याच्या उजव्या कडेस, 'मागें'चा डाव्या पडद्याच्या डाव्या कडेस! दोन्ही बाण चालले आणि मंडळी निश्चिंत झाली. जेथें चूक नाहींच अशा दोनच जागीं त्यांनीं ती शोधिली होती. कडेचीं उदाहरणें सोडवून गणित आलें असें समजणाऱ्या विद्यार्थ्यासारखीच ही गोष्ट झाली.

उपाय मात्र अवघड नाहीं. उजव्या पडद्याकडून येणाऱ्या हिश्श्याची निम्मेपट करावी आणि तींत अर्धा मिळवावा. डाव्याची नुसती निम्मेपट करावी. पावाची निम्मेपट एक अष्टमांश, त्यांत अर्धा मिळविला म्हणजे पांच अष्टमांश. आणि ३८४० चे पांच अष्टमांश २४०० च. पडदे असमान असले तर आंकडे बदलतात, रीति बदलत नाहीं. १९२० ठिपक्यांच्या पडद्याच्या उजवीकडे ८०० ठिपक्यांचा लहान पडदा लावला, तर लहान पडद्याच्या हिश्श्यास ८०० भागिले २७२० नें गुणावें आणि १९२० भागिले २७२० मिळवावे. पडदा आडवा असावयाचा तो उभा लावला असेल तर रुंदी आणि उंची यांची अदलाबदलही करावी लागते. गुणणें, मिळविणें आणि फिरविणें या तिन्ही क्रिया सहा संख्यांत सामावतात, आणि संगणकाच्या पोटांत त्या नऊ घरांच्या एका लहानशा कोष्टकांत मांडलेल्या असतात. उरलेलीं तीन घरें केवळ आकार पुरा करण्यापुरतीं.

सहा अज्ञात संख्या काढावयाच्या तर सहा समीकरणें हवींत. पडद्यावर एक फुली दाखवून तिच्यावर बोट ठेवावयास सांगितलें, कीं आडवें एक आणि उभें एक अशीं दोन समीकरणें मिळतात. म्हणून तीन फुल्या पुरे होतात. अट एवढीच कीं, त्या एका सरळ रेषेंत नसाव्या. चवथी किंवा पांचवी फुली घेतात ती बोटाची लहानसहान चूक सर्वांवर वांटून टाकण्यासाठीं. १९९६ सालीं पाम पायलट नांवाचा जो खिशांतला संगणक निघाला, तो वापरावयास घेतांच प्रथम अशा फुल्या टिपावयास लावीत असे. इंग्रजी जाणणारे या विधीस कॅलिब्रेशन म्हणतात.

स्पर्श ओळखणारा पडदा ही वस्तु वाटते तितकी नवी नाहीं. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रडार-संशोधनसंस्थेंतील ई. ए. जॉन्सन यानें १९६५ सालीं अशा पडद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्यांस त्याचा उपयोग व्हावा असा त्याचा हेतु होता. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नांवाच्या शिक्षणयंत्रांत पडद्याच्या कडांतून अदृश्य अवरक्त किरणांची जाळी पसरलेली असे. सोळा आडवे आणि सोळा उभे किरण. बोटानें जे किरण अडत त्यावरून जागा ठरे. त्याच सुमारास युरोपांतील सर्न या अणुसंशोधनसंस्थेंत फ्रँक बेक आणि बेंट स्टुंपे यांनीं विद्युद्धारणेवर चालणारा पडदा तयार केला. केंटकी विद्यापीठांतील सॅम हर्स्ट याची पद्धति निराळी होती. त्याच्या मार्गानें पुढें जे पडदे निघाले त्यांत दोन पातळ थर असत. बोटाच्या दाबानें ते एकमेकांस टेकत, आणि टेकल्या जागेचा विद्युद्दाब मोजून स्थान निघे. हे थर कारखान्यांतून निघतांनाच एकासारखा एक नसत, आणि वापरानें व काळानें त्यांचे गुण आणखी पालटत. फुल्यांचा विधि वारंवार करावा लागे तो मुख्यतः यांच्यासाठीं.

आपल्याकडील एक उदाहरण ठाण्यापासून फार दूरचें नाहीं. विद्यार्थ्यांच्या हातीं स्वस्त संगणक द्यावा म्हणून भारत सरकारनें ५ ऑक्टोबर १९११ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०११ सालच्या त्याच दिवशीं 'आकाश' नांवाची पाटी दिल्लीस प्रकाशित केली. शतकाचा फरक मुद्दाम लिहिला आहे. कारण १९११ सालीं मुलांच्या हातीं दगडी पाटी होती आणि २०११ सालीं आली तीही पाटीच. पहिल्या आकाशचा पडदा दाबावर चालणारा होता. पुढें हें काम पवईच्या आय.आय.टी.कडे आलें, प्राध्यापक दीपक फाटक यांनीं त्यांत पुढाकार घेतला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं निघालेल्या दुसऱ्या आकाशास विद्युद्धारणेवर चालणारा पडदा मिळाला. त्याच वर्षीं २९ फेब्रुवारीस इंग्लंडांत रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक विक्रीस आला. त्याच्या २०१९ सालच्या चवथ्या आवृत्तीस एकाच वेळीं दोन पडदे जोडण्याची सोय झाली. टेंभी नाक्यावरील त्या खोलींत होता तो याच जातीचा.

विद्युद्धारणेच्या पडद्यांत तारांची जाळी पक्की असते, तेव्हां फुल्यांचें काम बहुतेक संपलें. पण एक प्रश्न सुटला म्हणून दुसरा सुटत नाहीं. स्पर्श पडद्याच्या कोणत्या भागीं झाला हें अचूक कळलें, तरी तो कोणत्या पडद्यावर झाला हें कोणीतरी सांगावेंच लागतें. एकाच कारखान्याचे दोन पडदे असले तर दोघांचें नांव एक आणि वर्णनही एक. जुळ्या भावांप्रमाणें संगणकास ते ओळखूं येत नाहींत. आज पहिला म्हणून नोंदला गेलेला उद्यां यंत्र बंद करून चालू केल्यावर दुसरा म्हणून नोंदला जाऊं शकतो. म्हणून शहाणे लोक नांवावर विसंबत नाहींत; कोणत्या खोबणींत कोणाची तार खोंवली आहे त्यावरून ओळख पक्की करितात.

आतां या विद्येचें मूळ शोधूं गेल्यास तें संगणकाच्या फार मागें जातें, आणि त्याचा एक धागा आपल्या कोंकणांतच सांपडतो. जुन्या सिद्धांतग्रंथांवरून काढलेलें ग्रहाचें स्थान आणि आकाशांत डोळ्यांस दिसणारें स्थान यांत शतकांच्या ओघांत अंतर पडत जाई. तें भरून काढण्यासाठीं गणितांत जी दुरुस्ती करीत तिला आपले ज्योतिषी 'बीजसंस्कार' म्हणत. आणि गणित व दर्शन यांचा मेळ बसला म्हणजे 'दृक्प्रत्यय' आला असें म्हणत. मुरूडजवळील नांदगांवच्या केशव दैवज्ञानें स्वतः ग्रहांचे वेध घेऊन कोणता ग्रह कोणत्या ग्रंथाशीं जुळतो आणि कोणाशीं जुळत नाहीं तें ताडून पाहिलें. त्याचा 'ग्रहकौतुक' १४९६ सालचा. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ यानें १५२० च्या आरंभवर्षाचा 'ग्रहलाघव' रचिला, आणि त्यावरून पुढें शतकानुशतकें पंचांगें झालीं. पण गणेशाच्या आंकड्यांसही काळ लागलाच; तेव्हां एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून नवा हिशेब मांडला. या सर्व परंपरेंत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ग्रंथ आणि आकाश यांत तंटा पडला तेव्हां या मंडळींनीं आकाशास "जरा नीट चाल" असें सांगितलें नाहीं. ग्रंथ कितीही पूज्य असो, दुरुस्त व्हावयाचें तें त्यानें.

तीन बिंदूंचा नियमही असाच जुना. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस विल्यम लॅम्बटन यानें १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ आरंभ केला. सुमारें साडेसात मैलांची एक पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीनें मोजली. पुढचा सारा देश मग कोन घेऊन, त्रिकोणास त्रिकोण जोडीत मोजावयाचा. साखळी उन्हानें लांबते, म्हणून उष्णतामान पाहून हिशेब दुरुस्त करीत. वापरानें झिजते, म्हणून दुसरी एक साखळी न वापरतां ताडून पाहण्यासाठीं राखून ठेविली होती. १८०८ सालीं तंजावरास, म्हणजे मराठ्यांच्याच राजधानींत, तेथील मोठ्या देवळावर चढवीत असतां दोर तुटून त्याचें प्रचंड कोनमापक यंत्र आदळलें आणि त्याचें वर्तुळ वेडेंवांकडें झालें. लॅम्बटन तंबूंत बसून राहिला आणि सुमारें सहा आठवडे खपून त्यानें तें पुन्हां वर्तुळाकार केलें. यंत्र वांकडें आहे हें ठाऊक असतां त्यानें घेतलेला कोन नकाशावर कधींच चढला नसता. हा पुरुष मोजणी करीत करीत उत्तरेस येत असतां १८२३ सालीं वर्ध्याजवळ हिंगणघाट येथें वारला.

दोन पडद्यांच्या घोटाळ्याशीं मिळतें असें एक उदाहरण तर खुद्द मुंबई-ठाण्याच्या लोकांनीं अनेक वर्षें अनुभविलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. गाडी आली म्हणजे वेळापत्रक आलें, आणि वेळापत्रक आलें म्हणजे कोणाचें घड्याळ खरें हा प्रश्न आला. मुंबईची स्थानिक वेळ निराळी. रेल्वेनें धरलेली मद्रासची वेळ तिच्या सुमारें अर्धा तास पुढें. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशाची एक प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईवेळेच्या सुमारें ३९ मिनिटें पुढें होती. मुंबईनें आपली जुनी वेळ हट्टानें सोडिली नाहीं. ती पुरती मावळावयास १९५५ साल उजाडावें लागलें. तोंवर दोन्ही घड्याळें आपापल्या परी अचूकच चालत होतीं. चुके तो मधला हिशेब विसरणारा. आणि त्याची गाडी निघून जाई. ३९ मिनिटें मिळवावयाचीं हें ज्यास ठाऊक, त्याला दोन्ही घड्याळें सारखींच उपयोगी.

येथवर यंत्रांचे दोष झाले. पण मनुष्य सर्वथैव निर्दोष असतो असेंही नव्हे, आणि या बाबतींत एक करुण हकीकत प्रसिद्ध आहे. ग्रीनिच वेधशाळेंत नेव्हिल मॅस्केलाइन या राजज्योतिष्याच्या हाताखालीं डेव्हिड किनेब्रुक नांवाचा साहाय्यक होता. दुर्बिणींतील तारेवरून तारका केव्हां ओलांडते तें डोळ्यांनीं पाहावयाचें आणि त्याच वेळीं घड्याळाचे ठोके कानांनीं मोजावयाचे, अशी तेव्हांची रीत. किनेब्रुकची नोंद मॅस्केलाइनच्या नोंदीहून उशिरां पडूं लागली. त्यास बजावलें तरी अंतर वाढतच गेलें आणि सेकंदाच्या आठ दशांशांवर पोंचलें. १७९६ सालीं त्यास कामावरून दूर केलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं जर्मन ज्योतिषी बेसेल याच्या वाचनांत ही हकीकत आली, आणि त्यानें स्वतःच्या व इतर निपुण वेधकर्त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हां असें आढळलें कीं, कोणाही दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळत नाहींत. प्रत्येकाचें म्हणून एक ठराविक अंतर असतें. त्या अंतरास आळस म्हणावयाचें कारण नाहीं, आणि अक्कल कमी म्हणावयाचेंही नाहीं. तें मोजावें आणि हिशेबांत धरावें. किनेब्रुकचा उशीर कोष्टकांत एका आंकड्यानें भरून निघाला असता. तो त्याची नोकरी घेऊन गेला.

आतां टेंभी नाक्यावरील त्या खोलीकडे पुन्हां येऊं. पडद्यांचा हिशेब त्या मुलांस समजावून सांगतांच त्यांनीं तो पांच मिनिटांत दुरुस्त केला. मुलें हुशार होतीं, केवळ कोणी मधल्या भागावर बोट ठेवून पाहिलें नव्हतें. उजवा पडदा उजव्याचा झाला, डावा डाव्याचा. तरी थोडी कसर राहिली. ते पडदे अवरक्त किरणांच्या चौकटीचे होते, आणि अशा चौकटींत किरण कांचेच्या थोडे पुढून जातात; बोट कांचेस टेकण्यापूर्वींच ते अडतात. उंच मनुष्य वरून बोट आणील तर नोंद किंचित् वर पडते, खुर्चींत बसलेला खालून आणील तर किंचित् खालीं. मुलगा चांगला उंच होता आणि उभ्यानेंच फुल्या टिपूं लागला होता. मीं त्यास थांबवून विचारलें, "हें प्रदर्शन बहुतेक कोण पाहणार?" त्यानें क्षणभर विचार केला, आणि दाराशीं चपला घालीत असलेल्या त्या वृद्ध गृहस्थांकडे तो धांवत गेला.

"सर, जरा आंत येतां का? चूक आमच्या यंत्राची होती. तें नीट करावयाला तुमचा हात हवा आहे."

गृहस्थ परत आले. त्यांस पडद्यासमोर खुर्ची दिली. एकामागून एक चार फुल्या उमटल्या आणि त्यांनीं चष्मा सांवरून त्या चारही टिपल्या. हात थोडा कांपत होता, हें खरें. पण तो कंप दर वेळीं निरनिराळ्या बाजूस जात असल्यामुळें चार फुल्यांच्या हिशेबांत त्याचा बराचसा भाग आपोआप कटला; आणि बसून पाहण्यामुळें पडणारें जें अंतर नेहमीं एकाच बाजूस जाई, तें यंत्रानें ध्यानांत धरलें. नंतर त्यांनीं स्टेशनाच्या त्या जुन्या चित्रावर बोट ठेवलें. चित्र मोठें झालें. ते तें बराच वेळ पाहत बसले. आणि मग मागें उभ्या असलेल्या मुलांस, आपण लहानपणीं कोणत्या पुलावरून गाड्या मोजीत असूं तें दाखवूं लागले. मुलें कोंडाळें करून ऐकत होतीं. त्या चित्राखालीं लिहिलेल्या हकीकतींत ती गोष्ट नव्हती.